लग्नघरातली फुलं

सुपारी फुटली की आमच्या बारामती-इंदापूर भागात मांडव, आचारी, वाजंत्री यांची चर्चा महिनाभर चालते. फुलांची आठवण येते ती हळदीच्या आदल्या दिवशी. मग मिळेल ते, मिळेल त्या भावात घ्यावं लागतं. म्हणून माझं सांगणं असं, की तिथी ठरली की आधी ऋतू बघा. तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईत शेवंती भरपूर असते. वैशाखात तिचा हट्ट धरू नका. तेव्हा मोगऱ्याचा बहर असतो, गजरे त्याचेच करा. झेंडू बहुतेक वर्षभर मिळतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र व्हॅलेंटाइन डेमुळे गुलाब महागतो.

दुसरा प्रश्न उन्हाचा. गोरज मुहूर्ताचे हार सकाळीच आणून मांडवात टांगले, तर अक्षता पडेपर्यंत गुलाबाच्या पाकळ्या गळायला लागतात. वधू-वरांचे हार निशिगंधाचे घ्या, गुलाब नावापुरता. ओल्या गोणपाटात, सावलीला ठेवा. पाणी शिंपडा, ओतू नका, नाही तर फुलं काळी पडतात. जरबेराच्या देठाला पाणी लागतं. कोरड्या कमानीत खोचला की तो दुपारीच मान टाकतो.

मुंडावळ्या, वेण्या, गजरे यांचा हिशेब सगळेच मांडतात. खरा पैसा जातो सत्कारात. पाहुण्यांची नावं संपत नाहीत, मुहूर्त टळतो आणि गळ्यातले हार खुर्चीवर पडून राहतात. तिथं एकेक गुलाब पुरे. पुण्याच्या गुलटेकडीहून गाडी भरून आणण्यापेक्षा कालव्याच्या पट्ट्यातल्या एखाद्या फूलवाल्या शेतकऱ्याला आठवडाभर आधी विसार द्या आणि तोडणी लग्नाच्या दिवशी पहाटे करायला सांगा.