कृत्रिम अश्रू : कोणते थेंब बरे?

हिवाळ्यात घरोघरी हीटर लागले की हवा कोरडी पडते, त्यात स्क्रीनसमोर पापणी कमी लवते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

मग थेंब कोणते? कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2016च्या आढाव्यात 43 चाचण्या तपासल्या गेल्या. बहुतेक थेंब जवळपास सारखेच ठरले. तेव्हा महागड्या बाटलीमागे धावू नका. जेल जास्त वेळ टिकतं, पण नजर धूसर करतं; ते रात्रीच बरं. खरा फरक परिरक्षकाचा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक वारंवार डोळ्यांत गेलं, तर बुबुळावरच्या नाजूक पेशी दुखावतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालावे लागत असतील, तर परिरक्षक नसलेलेच मागा. डोळा दुखत असेल किंवा नजर अंधुक झाली, तर थेंबांवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.