नानकटाई
मैदा, पिठीसाखर व तूप यांपासून भट्टीत भाजून केलेला खुसखुशीत गोड पदार्थ. मूळ नाव नानखताई. ‘नान’ हा रोटी या अर्थाचा फार्सी शब्द असून ‘खताई’चा संबंध खता म्हणजे उत्तर चीन या प्रदेशाशी जोडतात.

तूप व साखर हलकी होईपर्यंत फेसून त्यांत मैदा, थोडे बेसन वा रवा, वेलदोड्याची पूड व चिमूटभर खाण्याचा सोडा मिसळतात. मैदा, साखर व तूप यांचे वजनी प्रमाण साधारणतः २ : १ : १ असते. पिठाच्या कणांवर तुपाचा लेप बसल्याने ग्लुटेनाचे चिवट जाळे तयार होत नाही. खुसखुशीतपणाचे कारण हेच होय. म्हणून पीठ फार मळीत नाहीत.

महाराष्ट्रात पूर्वी घरोघरी ओव्हन नसत. दिवाळीत वा उन्हाळ्याच्या सुटीत घरचे साहित्य जवळच्या बेकरीत नेऊन, भाजणावळ देऊन नानकटाई भाजून आणीत. पाव भाजल्यानंतर ओसरत जाणारी भट्टीची आच तिला मानवते. प्रखर आचेत ती बाहेरून करपते व आत कच्ची राहते. भट्टीतून काढताना ती मऊ असते व निवल्यावर घट्ट होते. हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकत असल्याने ती शेजारी वाटण्यास व प्रवासात नेण्यास सोयीची ठरते.

तुपाऐवजी स्वस्त वनस्पती तूप वापरण्याचा प्रघात पुढे रूढ झाला. अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या मेदातील ट्रान्स मेदाम्लांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतात २०२२ पासून खाद्य तेले व मेद यांतील त्यांचे प्रमाण कमाल २ टक्के ठरविण्यात आले आहे.