मोटारसायकलचे नाक : धुवावे की बदलावे?

एक लीटर पेट्रोल जाळायला किती हवा लागत असेल? एक बादली? एक पिंप? हिशेब सोपा आहे. १ ग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लीटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम. म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा हवी. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. भागाकार केल्यास उत्तर येते ९ घनमीटर, म्हणजेच ९,००० लीटर! तुमचा वर्ग सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व तीन मीटर उंच असेल, तर त्यातील सारी हवा मोटारसायकलचे एंजिन दहा लीटर पेट्रोलात संपवते.

आता ही हवा रत्नागिरी जिल्ह्यातील आहे असे समजा. येथे जांभा दगड विपुल. चिरेखाणीतून चिरे भरून ट्रक निघाला, की त्याच्यामागे तांबडा धुरळा उठतो. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. रस्त्यावरच्या धुळीत याशिवाय खडीची पूड आणि वाळूचे कणही असतात. वाळूतील क्वार्ट्झ तर काचेवरही ओरखडा पाडते. एंजिनात दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये वंगणतेलाचा जो थर असतो, त्याची जाडी काही मायक्रोमीटरच असते. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्या थराहून मोठे कण आत शिरले, तर पॉलिशकागदाने घासावे तसे सिलिंडर घासले जाते. म्हणून हवा गाळूनच घ्यावी लागते. हे काम करणारी गाळणी, म्हणजेच एअर फिल्टर, हे मोटारसायकलचे नाक होय.

गाळणी ही चाळणी नव्हे

चहाच्या गाळणीत भोकापेक्षा मोठी पत्ती अडकते. हवेच्या गाळणीत मात्र वाटेपेक्षा कितीतरी लहान कणही अडकतात. ते कसे? आंबा घाटात एस. टी. वळण घेते, तेव्हा तुम्ही वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकले जाता. हे जडत्व. गाळणीच्या तंतूंमधून हवा नागमोडी वळते, पण जड कण वळू न शकल्यामुळे तंतूवर आदळून चिकटतो. काही कण हवेबरोबर वळतात, परंतु तंतूच्या फार जवळून जाताना त्याला घासून अडकतात. अगदी सूक्ष्म कणांना हवेचे रेणू सतत धक्के देत असतात. त्यामुळे ते वेडेवाकडे भरकटत तंतूवर जाऊन पडतात.

गाळण्या मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली घड्या घातलेल्या कागदाची. घड्यांमुळे लहानशा डब्यात पुष्कळ पृष्ठफळ मावते. ती मळली की टाकून द्यायची. दुसरी तेल लावलेल्या स्पंजाची किंवा सुती जाळीची. तिच्यातील वाटा मोठ्या असतात. धूळ पकडण्याचे बरेचसे काम चिकट तेल करते. ही गाळणी धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून वापरता येते. याखेरीज काही मोटारसायकलींत कागदालाच चिकट तेल लावलेले असते. ती गाळणी मात्र धुवायची नसते, बदलायचीच असते.

दोन टक्क्यांची गंमत

समजा, मोटारसायकल एका लीटरमध्ये ५० किलोमीटर धावते. १५,००० किलोमीटरला ३०० लीटर पेट्रोल आणि २,७०० घनमीटर हवा लागेल. दर घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम धूळ धरली, तर एकूण धूळ २,७०० मिलिग्रॅम. एक गाळणी ९९ टक्के धूळ अडवते व दुसरी ९७ टक्के. फरक किरकोळ वाटतो ना? पण आत शिरलेली धूळ मोजा : पहिलीतून २७ मिलिग्रॅम, दुसरीतून ८१ मिलिग्रॅम. म्हणजे तिप्पट! गाळणी किती धूळ अडवते याबरोबर किती आत सोडते, हेही पाहावे ते यासाठी.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. नव्या कोऱ्या कागदी गाळणीपेक्षा थोडी वापरलेली गाळणी धूळ अधिक चांगली अडवते, कारण साचलेल्या धुळीचा थरच गाळणीचे काम करू लागतो. तेव्हा दर आठवड्याला गाळणी काढून झटकण्यात फायदा नाही. हवेचा जोरदार झोत मारल्यास कागदाचे तंतू फाटण्याचाही धोका असतो. अर्थात थर फार वाढला तर हवा अपुरी पडते. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीत अशा वेळी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत इंधन-अंतःक्षेपण आले. त्यांत संवेदक पेट्रोलचे प्रमाण सांभाळून घेतात, पण एंजिनाची ताकद मात्र घटतेच.

खर्चाचा हिशेब

समजा, कागदी गाळणी २०० रुपयांना मिळते. धुण्याजोगी १,५०० रुपयांना, आणि दर धुण्याला साबण व तेल यांचा खर्च १०० रुपये. १५,००० किलोमीटरची एक पाळी धरली, तर किती पाळ्यांनंतर दोन्हींचा खर्च सारखा होईल? समीकरण मांडा :

२०० न = १,५०० + १०० (न − १)

उत्तर न = १४, म्हणजे २,१०,००० किलोमीटर. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला याला चौदा वर्षांहून अधिक काळ लागेल! चिरेखाणीच्या रस्त्यावर पाळी निम्मी झाली, तर हे अंतरही निम्मे होते. म्हणजे जितकी धूळ जास्त, तितकी धुण्याजोगी गाळणी लवकर परवडते. परंतु धूळ जास्त असते तिथेच गाळण्यातील चूक महागात पडते. तेल कमी लागले तर धूळ आत जाते. जास्त लागले तर हवा कोंडते. गाळणी ओली राहिली तर तेल नीट बसत नाही, आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर स्पंज वाळवणे हेच मोठे काम. शिवाय धुतलेले तेलकट पाणी पऱ्ह्यात किंवा विहिरीजवळ ओतले, तर 'कचरा कमी केला' असे कसे म्हणावे? आणि गाळणी पेट्रोलने तर कधीच धुऊ नये. आग लागण्याचा धोका असतो.

मग निवड कशी करावी? गाडीबरोबरच्या पुस्तिकेत जी गाळणी सांगितली असेल, तीच बसवावी. ती कागदी असेल तर वेळेवर बदलावी. पाऊस सुरू होण्याआधी, मृगापूर्वी, एकदा उघडून पाहावी, आणि धुळीच्या रस्त्यावर रोज जाणे-येणे असेल तर उन्हाळ्यात लवकर बदलावी. स्पंजाची असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी, सांगितलेलेच तेल लावून जादा तेल न पिळता दाबून काढावे. धुण्याजोगी गाळणी स्वस्त पडते ती तिच्या किमतीमुळे नव्हे, तर ती नियमाने व नीट धुणाऱ्या माणसामुळे.

करून पाहा : सारख्या आकाराचे स्पंजाचे दोन तुकडे घ्या. एक कोरडा ठेवा, दुसऱ्याला थोडे तेल लावून दाबा. प्रत्येक तुकडा तळ कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या गळ्यात बसवा. तोंडासमोर व्हॅसलीन लावलेला पांढरा कागद धरा. कापलेल्या बाजूने बाटलीत चिमूटभर तांबडी माती टाकून सायकलच्या पंपाने हवा सोडा. नाकाला रुमाल बांधायला विसरू नका. दोन्ही कागदांवरचे डाग शेजारी ठेवून पाहा, आणि तेलाचे काम काय ते स्वतःच ठरवा.