करंट जातो कुठे?

गाडी सुरू होईना की पहिला आळ बॅटरीवर. मग कॉइल बदलते, प्लग बदलतात, प्रसंगी स्टार्टरही उतरवला जातो आणि खिसा रिकामा झाल्यावर कुणीतरी इग्निशन स्विचमागची वायर हलवतो, तर गाडी एका सेल्फमध्ये सुरू! सुटे भाग बदलणं वेगळं आणि दोष शोधणं वेगळं. पण भागांचं बिल गिऱ्हाईक निमूट देतं, शोधणाऱ्याला मात्र 'नुसती तार तर हलवली' असं ऐकावं लागतं.

मुळात इंजिन पेटवणारी ही इग्निशनची रचना फार गहन नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या कॅडिलॅकला बॅटरीवर चालणारं इग्निशन दिलं. १९१२ मध्ये त्याच गाडीला विजेचा स्टार्टर, म्हणजे आपला 'सेल्फ', बसला. त्यानंतर कित्येक दशकं बहुतेक मोटारी याच पद्धतीने पेटत राहिल्या. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनीही त्यांतलीच. बॅटरी, स्विच, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर, प्लग एवढीच साखळी. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून प्रवाह वाहतो आणि चुंबकक्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की ते कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो. कंडेन्सर कमजोर असेल तर पॉइंट जळून काळे पडतात आणि ठिणगी पिवळट, मरगळलेली पडते. असे पॉइंट पॉलिश पेपरने घासले की गाडी चार दिवस चालते. कंडेन्सर तसाच असल्याने पाचव्या दिवशी पुन्हा गॅरेजच्या दारात.

मल्टिमीटर फसवतो तो या साखळीतल्या जोडण्या तपासताना. जुन्या कॉइलचा रोध साधारण ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टवर ४ अँपिअर प्रवाह वाहायला हवा. समजा वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडणीने १ ओहमची भर घातली. पॉइंट उघडे असताना मीटर लावला, तर प्रवाहच नसल्याने कॉइलवर बारा व्होल्ट बिनचूक दिसतात आणि फिटर म्हणतो, "करंट तर येतोय!" पॉइंट मिटल्यावर मात्र तिथे नऊच व्होल्ट उरतात आणि प्रवाह ३ अँपिअरवर येतो. कॉइलमधली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे १६ भागांतले ९ उरले. त्यात सेल्फ मारताना बॅटरीचा दाब आणखी खाली येतो. चालू झाल्यावर ठीक पळणारी गाडी सकाळी छळते, ती अशी.

म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियन भार चालू ठेवून मोजतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं कॉइलच्या धन टोकाला आणि पॉइंट मिटलेले. वरच्या उदाहरणात मीटर ३ व्होल्ट दाखवेल. मग दुसरं टोक एकेक जोडणी मागे आणायचं: फ्यूज, स्विचची बाहेर जाणारी पिन, आत येणारी पिन. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा शून्याजवळ घसरतो, दोष तिथेच. एका धड जोडणीवर ०.२ व्होल्टहून जास्त दाब खर्च होऊ नये. अर्थच्या बाजूचीही अशीच तपासणी लागते, आणि नेमकी तीच बाजू सगळे विसरतात.

स्विचची एक खूण मीटरविनाही कळते. जर्मन पद्धतीच्या आकड्यांत ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ५० म्हणजे स्टार्टर. सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडताच बंद पडतं, तेव्हा १५ कडची वाट किंवा काही गाड्यांत तिच्यात कॉइलच्या आधी बसवलेला रोध, म्हणजे बॅलस्ट रेझिस्टर, पहिला संशयित.

सर्वांत महागात पडलेला स्विच जनरल मोटर्सचा. शेवरले कोबाल्टसारख्या काही मॉडेलांत चावीला अटकाव करणारी आतली खिट्टी आखूड होती. जड जुडगा लोंबकळत असला किंवा गुडघा लागला, तरी चालत्या गाडीत चावी मागे घसरायची; इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही निकामी. कंपनीने पुढे खिट्टी बदलली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुन्या गाड्यांत काय बिघडतंय आणि नव्यांत का नाही, याचा माग लागेना. जॉर्जियातल्या एका तरुणीच्या २०१० मधल्या अपघाती मृत्यूनंतर तिच्या कुटुंबाच्या वकिलांसाठी काम करणाऱ्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा फरक उघडा पडला. २०१४ मध्ये या दोषापायी जगभरातल्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू ग्राह्य धरले.

आता पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर गेले, बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आली आणि फिटरच्या हाती स्कॅनर. पावसाळ्यात बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडणारे उंदीर मात्र स्कॅनरला दिसत नाहीत. तिथे टॉर्च घेऊन वाकावंच लागतं. पुण्या-मुंबईत नेहमीची तक्रार म्हणजे 'पेट्रोलवर बरी, सीएनजीवर मिसिंग मारते'. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त दाब लागतो, म्हणून कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग आधी तिथेच उघडा पडतो. स्कॅनर 'पी०३०२' दाखवतो, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. हा कोड काही 'कॉइल बदला' असं सांगत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करायची, कोड पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. 'पी०३०३' आला तर कॉइल खराब. 'पी०३०२'च राहिला तर प्लग, कॉइलचा कनेक्टर, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने पुढे जायचं. नवी कॉइल विकत न घेता होणारी ही तपासणी असल्याने तिची मजुरी आधीच ठरवून घेतलेली बरी.