चाचणी फुकट झाली, सोपी केव्हा झाली?

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि एचआयव्ही भारतात पोचल्याचं उघड झालं. ते नमुने तपासायला वेल्लोरला न्यावे लागले होते. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात हीच तपासणी एक पैसा न घेता होते. या जवळजवळ चाळीस वर्षांचा मागोवा घेताना एक गोष्ट लख्ख दिसते. पैशांचा अडसर आधी दूर झाला, भीतीचा फार उशिरा. आणि भीती ओसरली ती भिंतींवरच्या घोषणांनी नव्हे. रिपोर्ट हाती आल्यावर माणसाच्या वाट्याला काय येतं, ते बदललं म्हणून ती ओसरली.

सुरुवातीला काय वाट्याला येई, ते गोव्याने पाहिलं. डॉमिनिक डिसूझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्या रक्तात एचआयव्ही सापडला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याला घेऊन गेले आणि सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. त्याच्या आईने, लूसी डिसूझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, पण सक्तीच्या विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने कायम ठेवली. १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. रक्तदात्याची ही गत झालेली पाहून आपणहून तपासणीला कोण गेलं असतं?

१९९२ मध्येच राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण त्या दशकात तपासणी म्हणजे मोठ्या शहरातली प्रयोगशाळा, एलायझा या रक्तचाचणीच्या रिपोर्टसाठी ताटकळणं, आणि खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट करायची वेळ आली तर न परवडणारा खर्च. शिवाय निदान झालं तरी औषध सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. नोकरीची धास्ती होतीच. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की काम करण्याइतकी प्रकृती ठीक असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून सार्वजनिक उपक्रमाला रोजगार नाकारता येणार नाही. ज्याच्यासाठी हा निकाल झाला, तो हंगामी कामगार कंपनीच्याच वैद्यकीय तपासणीत पॉझिटिव्ह आला होता.

मग झटपट निकाल देणारे रॅपिड किट आले आणि चित्र पालटू लागलं. ‘आयसीटीसी’ची, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राची, पाटी असलेल्या सरकारी खोलीत आजही साधारण हेच चालतं: आधी समुपदेशक दार लावून बोलतात, शंका विचारू देतात, संमती घेतात. मग तंत्रज्ञ रक्त घेतात. यातला एक किट कंगव्यासारखा असतो. त्याचे दाते खाचांमधल्या द्रावणांत एकामागून एक बुडवतात आणि दात्यावर ठिपका उमटतो का, ते पाहतात. पहिल्या चाचणीत काही आढळलं तर वेगळ्या प्रकारच्या आणखी दोन चाचण्या होतात आणि त्यानंतरच निष्कर्ष निघतो. रिपोर्ट समुपदेशकांकडूनच, पुन्हा समजावून, दिला जातो. अलीकडेच धोका पत्करला गेला असेल तर ‘निगेटिव्ह’वर निर्धास्त न होता तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगतात.

सगळ्यात मोठा बदल १ एप्रिल २००४ ला घडला. त्या दिवसापासून देशातल्या निवडक सरकारी रुग्णालयांत एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या उपचारांची, औषधं मोफत मिळू लागली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. तिथून रिपोर्टला पुढचा रस्ता फुटला. तरी औषधं सुरू व्हायला रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी ठरावीक पातळीखाली येईपर्यंत थांबावं लागे. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार, हे धोरण आलं.

या वाटचालीत बायकांनी सोसलेलं विसरून चालणार नाही. गरोदरपणी तपासणी होऊ लागली आणि बाळाला होणारी लागण टाळता येऊ लागली, ही फार मोठी मिळकत. पण घरातला पहिला रिपोर्ट सुनेचा, म्हणून रोगही तिनेच आणला, असा न्याय कित्येक घरांत झाला. नवऱ्याने तपासणी करून घ्यायचं नाकारलं तरी बोल तिलाच. म्हणूनच जोडप्याने मिळून तपासणीला यावं, हा समुपदेशकांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, रिपोर्टची गुप्तता राखणं बंधनकारक, नोकरीत, शिक्षणात, उपचारांत भेदभावाला मनाई. डॉमिनिकच्या बाबतीत जे जे डावललं गेलं, ते जवळपास तीस वर्षांनी कायद्यात आलं.

तरी काम संपलेलं नाही. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला न सांगताच ही चाचणी उरकण्याची खोड अजून गेलेली नाही. शिवाय सरकारी खोली ओपीडीच्या वेळेतच उघडी असते. ऊसतोड मजुराला, ट्रकचालकाला, बांधकामावरच्या बाईला तिथे जायचं तर दिवसाचा रोज बुडवावा लागतो. त्यांच्यासाठी फुकट चाचणीही महागच. संध्याकाळी उघडी राहणारी केंद्रं, कामाच्या ठिकाणी येणारं पथक आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या समुपदेशकांना स्थैर्य, या मागण्या आपण सगळ्यांनी लावून धरायला हव्यात. तोवर ज्याला तपासणी करून घ्यायची आहे, त्याने १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून जवळचं केंद्र विचारावं आणि बेलाशक जावं. तो त्याचा हक्क आहे.