जुनी आज्ञावली, नवे यंत्र

विजेचे बिल भरावयास गेलेल्या गृहस्थास खिडकीपलीकडून "सिस्टीम बंद आहे, उद्या या" असे उत्तर मिळाले, की तो बिचारा निमूटपणे परत फिरतो. ही सिस्टीम म्हणजे काय, आणि ती सुधारावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हे विचारण्याचा अधिकार पैसे मोजणाऱ्यास आहेच. म्हणून आज तो विषय आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहो.

प्रथम बिलाकडेच पाहू. महावितरणचे घरगुती बिल हाती घेतले तर त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी रकान्यांची रांग दिसते. पहिल्या १०० युनिटांस एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा. शेतीपंपाचा हिशेब निराळा, कारखान्याचा निराळा. हे दर नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या; ग्राहक मात्र तेच राहिले. वीज किंवा पाणी पुरविणारी जगातील कोणतीही संस्था घ्या, असे शेकडो नियम आणि त्यांचे अपवाद तिच्या संगणकाच्या आज्ञावलीत वर्षानुवर्षे साठत जातात. त्यांतले कित्येक कागदावर कोठेच नसतात. ज्याने ते लिहिले तो निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. जुनी आज्ञावली फेकून नवी लिहा, असे सांगणाऱ्या शहाण्यांनी आधी तिच्यात काय काय दडले आहे ते सांगावे.

परंतु यंत्र थांबत नाही. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज टेनची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. डागडुजी थांबलेले यंत्र चालते खरे, पण त्याच्या भिंतीला पडलेले भोक मग कोणी बुजवीत नाही. म्हणजे यंत्र बदलणे भाग, आणि यंत्र बदलले की जुनी आज्ञावली रुसते.

ती का रुसते? आज्ञावली संगणकात घालताना तिचे सामान एका जागी राहत नाही. काही तुकडे समाईक कोठारात जातात, काही नोंदी यंत्राच्या मध्यवर्ती नोंदवहीत होतात. बिलाच्या आज्ञावलीस कोठारातली एक वस्तू जुन्या बनावटीची हवी असते. तक्रारींच्या आज्ञावलीस तीच नव्या बनावटीची. एकीची सोय केली की दुसरी बंद पडते.

यावर जो तोडगा निघाला त्यास 'ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन' म्हणतात. मराठीत त्याला आभासीकरण म्हणू लागले आहेत. शब्द आम्हांस फारसा पसंत नाही. त्याने वेदान्त आठवतो, आणि काम तर अगदी व्यवहाराचे आहे. सोवळे पाळणारी वृद्ध आत्याबाई नव्या घरात राहावयास आली, तर समंजस यजमान काय करतो? तिला एक कोपरा देतो, तिची चूल, तिची भांडी तेथे मांडून देतो. तिचे काही अडत नाही आणि घरातल्यांचेही. जुनी आज्ञावली तिच्या सर्व सामानासह अशीच एका गाठोड्यात बांधतात. ती नोंदवहीत लिहू गेली, की मधला रखवालदार ते लिखाण तिच्या खाजगी वहीकडे वळवितो. आपण नोंदवहीतच लिहिले अशी तिची समजूत राहते. सॉफ्ट्रिसिटी या कंपनीने हे तंत्र विकसित केले होते. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली.

दुसरा प्रकार याहून धीट. येथे आज्ञावली कचेरीतल्या टेबलावर येतच नाही. ती मुख्यालयातल्या मोठ्या संगणकावर चालते. टेबलावर फक्त पडद्याचे चित्र येते आणि कारकुनाने दाबलेली अक्षरे परत जातात. चोपडी पेढीतच राहते, आपण काचेतून वाचतो आणि लिहितो म्हणा ना. दर बदलले तर तालुक्यातालुक्याला माणूस धाडावा लागत नाही. एका जागी बदल केला की सगळ्या खिडक्यांवर तो दिसतो. टेबलावरचे यंत्र चोरीस गेले तरी त्यात ग्राहकांची माहिती नसते. मात्र मधली तार तुटली की सर्व खिडक्या एकदम मिटतात, हेही बिलाइतकेच खरे.

गाठोड्याच्या तंत्रालाही मर्यादा आहेत. जुन्या छपाईयंत्राला किंवा मीटरवाचनाच्या हातयंत्राला बोलते करणारा जो भाग संगणकाच्या अगदी गाभ्यात बसतो, तो गाठोड्यात मावत नाही. शिवाय आज्ञावलीत मूळचे भोक असेल तर तेही गाठोड्याबरोबर जसेच्या तसे येते.

खरी काळजी किल्लीची आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये काय घडले ते पाहावे. वीज वितरण करणाऱ्या तीन कंपन्यांत चोरट्यांनी आधी फसव्या टपालातून शिरकाव केला, कर्मचाऱ्यांचे परवलीचे शब्द मिळविले, आणि दुरून यंत्र चालविण्याची जी सोय होती तीच वापरली. एका नियंत्रण कक्षात तर बसल्या माणसाच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. सुमारे ३० उपकेंद्रे बंद पडली, सुमारे २ लाख २५ हजार ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात बसले, आणि तक्रारीच्या दूरध्वनीवर खोट्या हाकांचा भडिमार करून तोही अडविला गेला. ती व्यवस्था आम्ही वर्णिलेल्या व्यवस्थेसारखी हुबेहूब नव्हती. परंतु दुरून पडदा चालविण्याची युक्ती तीच, आणि दुसरी किल्ली, म्हणजे दर वेळी नवा येणारा अंक, त्या दारास नव्हती.

म्हणून ज्या संस्थेला हा मार्ग धरावयाचा तिने बिलाची खिडकी आणि वीजजाळ्याची कळ यांच्यामध्ये भिंत ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक दारास दोन किल्ल्या असाव्यात. आणि गाठोडे बांधतानाच त्यावर तारीख घालावी, की अमुक वर्षापर्यंत आतले नियम वाचून, कागदावर उतरवून नवी आज्ञावली लिहिली जाईल. नाहीतर आत्याबाईचा कोपरा कायमचा होतो आणि तिची चूल दुरुस्त करणारा कोणी उरत नाही. युक्रेनमध्ये वीज काही तासांत परत आली, ती तंत्रज्ञ गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी कळा ओढल्या म्हणून. हाताने कळ ओढण्याची सोय तेथे अद्याप काढून टाकलेली नव्हती, आणि ती ओढावयाची कशी हे ठाऊक असलेली माणसेही नोकरीत होती.