चारचौघांतला माणूस

चेन्नईहून बंगळूरच्या महामार्गाला लागलं की श्रीपेरुंबुदूर यायच्या आधी इरुंगाट्टुकोट्टै येतं. इथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतीचा ट्रॅक आहे आणि ह्युंदाईचा कारखानाही. 1998 साली पहिली सँट्रो इथूनच बाहेर पडली. 2023 मध्ये याच कंपनीने तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद कारखाना घ्यायचा करार केला आणि हे तमिळ गाव आपल्या मावळाशी जोडलं गेलं. भोवताली सुट्या भागांचे कारखाने आहेत, वसतिगृहं आहेत, पाळी बदलताना बसगाड्यांच्या रांगा लागतात. गर्दीत तमिळ ऐकू येते, हिंदी येते, ओडिया येते. एकटा असताना वेगळा वागणारा माणूस चारचौघांत आला की नेमकं काय होतं, हा सामाजिक मानसशास्त्राचा मूळ प्रश्न. तो समजून घ्यायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

या शास्त्राची सुरुवातही शर्यतीतूनच झाली, असं मानतात. नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन अभ्यासकाच्या लक्षात आलं, की सायकलपटू एकटा घड्याळाशी झुंजतो त्यापेक्षा सोबत कुणी असलं की जास्त वेगाने जातो. वाऱ्याचा आडोसा मिळतो हे एक कारण असू शकेल, म्हणून त्याने रस्ता सोडला आणि मुलांना खोलीत बसवून मासेमारीचं रीळ फिरवायला लावलं, कधी एकट्याने, कधी जोडीने. 1898 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. आजच्या कसोटीवर त्याचे आकडे कच्चे ठरतात, पण रस्त्यावर दिसलेली गोष्ट खोलीत आणून एकेक कारण बाजूला काढायची त्याची रीत टिकली. प्रयोग म्हणतात तो हाच. पुढे 1965 मध्ये रॉबर्ट झायॉन्कने त्यात दुरुस्ती केली. हातात बसलेलं काम लोकांसमोर अधिक चांगलं होतं, नवखं काम मात्र बिघडतं. सराईत ड्रायव्हरला ट्रॅकवरची गर्दी चढवते आणि शिकाऊ जोडणी कामगार सुपरवायझर मागे उभा राहिला की चुकतो. दोन्हींचं कारण एकच, कुणीतरी समोर असणं.

कारखान्याचं नाव निघालं की शिकागोजवळच्या हॉथॉर्नची गोष्ट सांगितली जाते. 1924 पासून तिथल्या कारखान्यात दिव्यांचा उजेड कमीजास्त करून पाहिला. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय हेच कामगारांना पुरलं. जुने आकडे पुन्हा तपासल्यावर ही गोष्ट इतकी सरळ नव्हती असं दिसलं. मला त्यापेक्षा आपल्याकडचं एक उदाहरण जवळचं वाटतं. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग आले होते, तरी उत्पादन वाढत नव्हतं. प्रत्येकाचं काम तुकड्यांत वाटलेलं, कुणाचा कुणाशी धागा नाही. राइस यांनी ठरावीक मागांची जबाबदारी एका छोट्या गटावर सोपवायची कल्पना मांडली आणि कामगारांनी आपले गट आपणच जमवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माग तेच राहिले, माणसांमधली नाती बदलली. वागणं हे माणूस आणि त्याची परिस्थिती या दोन्हींतून घडतं, असं मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन म्हणत. त्याचा इतका ढळढळीत दाखला आपल्या गिरण्यांच्या इतिहासात पडून आहे आणि व्यवस्थापनाचे आपले विद्यार्थी हॉथॉर्न पाठ करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असाच विसरलेला, पण जगभर पोहोचलेला दुसरा धागा बिहारचा आहे.

15 जानेवारी 1934 ला बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी नोंदवल्या आणि पुढच्या वर्षी त्यावर निबंध लिहिला. धक्का जाणवला पण फारशी हानी झाली नाही, अशा भागातही याहून मोठं संकट येणार असल्याच्या अफवा होत्या. घाबरलेल्या माणसाला धीर हवा असतो, मग तो आणखी भीती का पसरवेल? 1950 मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्यावर दुर्गानंद सिन्हा यांनी प्रत्यक्ष नुकसान झालेल्या वस्तीतल्या बोलण्याचा अभ्यास केला. तिथं येऊ घातलेल्या प्रलयाच्या तशा अफवा आढळल्या नाहीत. हे दोन भारतीय निबंध अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरच्या हाती आले आणि त्याला कोडं सुटल्यासारखं वाटलं. ज्यांचं काहीच पडलं नव्हतं, त्यांच्या मनात भीती होती पण भीतीला कारण दिसत नव्हतं. अफवेने ते कारण पुरवलं. ज्यांची घरं गेली होती त्यांना वेगळं कारण शोधायची गरज नव्हती. मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस त्या जुळवून घेतो, या त्याच्या 1957 च्या बोधनिक विसंवादाच्या सिद्धांताला इथून चालना मिळाली. पाठ्यपुस्तकांत फेस्टिंगर असतो, प्रसाद आणि सिन्हा क्वचितच.

आता पुन्हा महामार्गावर येऊ. डिसेंबर 2021 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळच्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यातल्या मुलींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली. शंभराहून अधिक जणी रुग्णालयात होत्या. काही मैत्रिणी दगावल्याची अफवा उठली आणि मुलींनी हाच महामार्ग अडवला. कुणी दगावलं नव्हतं. अफवेला दोन गोष्टींचं बळ लागतं, विषय जिव्हाळ्याचा हवा आणि माहिती धूसर हवी, असं गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी 1947 मध्ये मांडलं होतं. घरापासून लांब, एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत दोन्ही गोष्टी भरपूर होत्या. त्यांना भोळ्या म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मार्च 2023 मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याचे खोटे व्हिडिओ फिरले. कामगार धास्तावले, बिहार सरकारने अधिकाऱ्यांचं पथक पाठवलं, तमिळनाडू पोलिसांनी हिंदीतून खुलासे केले. आणि धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आपण विसरू शकत नाही. 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. अफवेचा अभ्यास हा आपल्याकडे जीव वाचवण्याचा अभ्यास आहे.

पद्धतींपैकी सगळ्यांत सोपी म्हणजे प्रश्नावली. रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये दिलेली ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पट्टी आज प्रत्येक कंपनीच्या मनुष्यबळ विभागात सापडते. पण माणूस सांगतो एक आणि करतो दुसरंच. रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. चिन्यांविषयी तेव्हा उघड द्वेष होता, तरी अडीचशेहून अधिक हॉटेलं आणि खानावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिन्यांना घेणार नाही असं कळवलं.

आपल्याकडे हे अंतर उलट दिशेने दिसतं. जात पाहतो का, असं विचारलं तर कुठला अधिकारी हो म्हणेल? म्हणून अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी विचारलंच नाही. मुंबई आणि चेन्नईसह मोठ्या शहरांतल्या इंग्रजी वृत्तपत्रांमधल्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखीच होती, फक्त नावं वेगळी: उच्चवर्णीय, दलित, मुस्लिम. 2007 मध्ये निष्कर्ष आला, की उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश होता. हजार मुलाखती घेऊनही हे बाहेर आलं नसतं.

भेद आतून काय करतो, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला देऊन पाहिलं. जात उच्चारली नाही तेव्हा उच्चवर्णीय आणि दलित मुलांत फरक नव्हता. सर्वांसमोर जात जाहीर केल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, मुलं तीच. शाळेच्या हजेरीपटावरून जात मोठ्याने वाचली जाताना ज्यांनी मान खाली घातली आहे त्यांना हा निष्कर्ष नवा नाही, पण तो मोजला गेला याला मोल आहे.

मोजण्यातही चुका होतात. 2015 मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळ निष्कर्ष जेमतेम एक तृतीयांशांच्या आसपास टिकले. तेव्हापासून गृहीतक आधी नोंदवायचं, नमुना मोठा घ्यायचा आणि आकडे खुले ठेवायचे, असा दंडक रुजतो आहे. हुकूम मिळाला म्हणून माणसं दुसऱ्याला (खोटे) विजेचे धक्के देतात का, हे पाहणाऱ्या मिलग्रमच्या प्रयोगांनंतर माणसांना किती फसवायचं आणि किती त्रास द्यायचा, यावरही बंधनं आली. ती हवीतच.

नव्या रीतीचा मला आवडलेला नमुना क्रिकेटचा आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातल्या वेगवेगळ्या जातींच्या 1,261 तरुणांपैकी कुणी क्रिकेट लीगमध्ये खेळायचं आणि कुणी नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. काही संघ मिश्र होते, काही एकाच जातीचे. मिश्र संघात खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली. जे दुसऱ्या जातीच्या संघाविरुद्ध खेळले त्यांच्यात ती वाढली नाही, उलट दुरावा दिसला. नुसतं एका मैदानावर येणं पुरत नाही, कुणाच्या बाजूने उभं राहतो यावर सगळं अवलंबून असतं. कायम आणि कंत्राटी, तमिळ आणि बिहारी, गावातले आणि बाहेरचे, हे सगळे एकाच पाळीत उतरतात. त्यांना एका संघात ठेवायचं की समोरासमोर, हे इरुंगाट्टुकोट्टैत आणि तळेगावात रोज कुणीतरी पाळीचा तक्ता लावताना ठरवत असतं.